माझ्या पोरीला मेंदू न्हाई का?

(ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी तेलगाव येथे महिला गटांचे एक दिवसाचे शिबिर झाले. त्यात केलेले हे भाषण, थोडे संपादित करून.)



दसरा तोंडावर आला आहे. मुकादमांच्या उचली वाटून झाल्यात. थोड्या दिवसांत तेलगावच्या चौकातून टोळ्यांचे ट्रक आणि ट्रॅक्टर जायला लागतील. तुमच्यातल्या काहीजणी इथल्याच कारखान्याला ऊस तोडतील, काहीजणी सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर पार कर्नाटकात जातील. या गडबडीत एक दिवसाचा रोज बुडवून तुम्ही आलात, म्हणून मी उगीच लांबण लावणार नाही.

मला विषय दिलाय 'तरुण वय, मेंदू आणि जबाबदारी'. विषय पुस्तकी वाटतो. एम.एस.डब्ल्यू. करताना मीही तो पुस्तकातच वाचला आणि परीक्षेत लिहिला. तो खरा समजला तो एका आईमुळे. तिची गोष्ट आधी सांगते. गावाचं नाव सांगत नाही, ओळखू येईल असं काही विचारू नका.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आईबाप तोडीला गेले होते, पंधरा वर्षांची मुलगी आजीजवळ होती, शाळेत जात होती. गावातल्या सतरा वर्षांच्या एका मुलानं मित्रांच्या नादानं तिचे फोटो काढले आणि फोनवरून फिरवले. बोभाटा झाला. आईबाप हंगाम अर्धा टाकून आले. देवळासमोर बैठक बसली. मला बोलावलं होतं.

मुलाचे चुलते म्हणाले, "लेकरू आहे, वय आहे, चुकलं." काहीजण त्याला झोडायला निघाले होते. मी उठले आणि शिकलेलं सगळं सांगितलं. या वयात मेंदू पुरता वाढलेला नसतो, मारून मूल सुधारत नाही, त्याला समज द्या. माणसं शांत झाली. मला वाटलं, आज आपलं शिक्षण कामी आलं.

बैठक उठल्यावर मुलीची आई माझ्याजवळ आली. म्हणाली, "ताई, त्या पोराच्या मेंदूचं तुम्ही सांगितलं ते पटलं. पर माझ्या पोरीला मेंदू न्हाई का? तिचा कितीक वाढलाय ते कोणी पाहिलं?"

मला उत्तर सुचलं नाही. त्या बैठकीत तासभर मुलाच्या वयाची चर्चा झाली होती, मुलीचं वय कोणी काढलंच नव्हतं. "तिनं नीट राहायला पाहिजे होतं, तिला कळत नव्हतं का" एवढंच तिच्याबद्दल बोलणं झालं. म्हणजे सतरा वर्षांचा तो लेकरू आणि पंधरा वर्षांची ती जाणती बाई! पंधरा दिवसांत तिचं लग्न लावलं आणि नवऱ्याबरोबर जोडी करून तोडीला पाठवलं. मला कळलं तेव्हा ट्रक निघून गेला होता. बैठकीच्या दिवशीच मी १०९८ला फोन करायला हवा होता. मी मुलाला वाचवण्यात गुंतले होते. ही चूक माझी आहे, आणि ती तुमच्यासमोर कबूल करूनच पुढे बोलते.

आता शास्त्र काय सांगतं ते पाहू. आपण ज्वारी दाट पेरतो आणि मग विरळणी करतो. मेंदूचंही तसंच होतं. लहानपणी जोडण्या भरमसाट तयार होतात. ज्या वापरात येतात त्या टिकतात, बाकीच्या गळतात. कपाळामागचा जो भाग पुढचा विचार करतो, राग आवरतो, परिणाम तोलतो, त्याची विरळणी सगळ्यांत शेवटी होते. साधारण विशी ओलांडून पंचविशीच्या आसपासपर्यंत ती चालते. पण हौस, धडाडी आणि लोकांची वाहवा यांना भुलणारा भाग वयात येताच जागा होतो. बैल तरणे झाले आणि कासरा अजून वळायचाच आहे, अशी ती गाडी.

म्हणजे तरुणांना अक्कल नसते का? तसं नाही. हा मुद्दा नीट धरून ठेवा. भारतासह अकरा देशांतल्या पाच हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की शांतपणे, वेळ घेऊन विचार करायचा असला तर सोळा वर्षांचं मूल जवळजवळ मोठ्या माणसासारखाच विचार करतं. डोकं तापलेलं असताना, घाईत, मित्रांच्या घोळक्यात स्वतःला आवरणं मात्र उशिरा येतं. अमेरिकेत २००५ साली एक प्रयोग झाला. पडद्यावर गाडी चालवायचा खेळ होता. एकटी असताना मुलं बेतानं चालवत. मित्र पाहत असले की त्यांनी जास्त धोका पत्करला. मोठ्या माणसांत तसा फरक पडला नाही.

तेव्हा वय किती एवढंच विचारून भागत नाही. निर्णय घेताना त्या मुलाभोवती कोण होतं, वेळ किती होता, भीती कोणाची होती, हेही विचारावं लागतं. आणि मेंदूचा फोटो काढून कोणी सांगू शकत नाही की अमुक मुलगा दोषी आणि तमुक निर्दोष. ती सरासरी असते. जबाबदार कोणाला धरायचं हे शेवटी समाज ठरवतो. गोम तिथंच आहे.

मे २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या महागड्या मोटारीनं दोन तरुण इंजिनिअरांचे जीव घेतले. बाल न्याय मंडळानं जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. सगळा महाराष्ट्र संतापला. त्याला प्रौढ समजून खटला चालवा, अशी मागणी पोलिसांनी केली. ती मंडळानं जुलै २०२५मध्ये फेटाळली. २०१५च्या कायद्यानुसार गंभीर गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलाची समज तपासून असा निर्णय होतो. निबंधाचा राग मलाही आला. पण सतरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या तुरुंगात टाका, असं मी म्हणणार नाही. मी एवढंच विचारते, की समज कमी आहे हा विचार श्रीमंताच्या मुलासाठी होतो, तसा कोयता हातात दिलेल्या पोरीसाठी का होत नाही?

मुलाला समज कमी म्हणून सोडून द्यायचं, आणि मुलीवर संसार, लेकरू, उचल आणि घराची अब्रू एवढं ओझं टाकायचं, हा शास्त्राचा न्याय नाही. ही जुनीच पुरुषी रीत आहे. शास्त्राचं नुसतं नाव.

आता दुसऱ्या बाजूनंही सावध राहू. "पंचविशीपर्यंत मेंदू कच्चा, मग पोरींना काय विचारायचं?" असं म्हणणारे उद्या भेटतील. मुलींचं लग्नाचं वय एकवीस करण्याचं विधेयक डिसेंबर २०२१मध्ये लोकसभेत आलं आणि २०२४मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळलं. बऱ्याच स्त्री संघटनांनी त्याला विरोध केला. अठरा वर्षांची मुलगी मत देते, पण आपला जोडीदार निवडू शकत नाही, असं झालं तर कायदा तिच्या संरक्षणाला नव्हे, तिला कोंडायला वापरला जाईल. सावित्रीबाई १८४८मध्ये पुण्याला मुलींना शिकवू लागल्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या, जोतिराव एकवीसचे. सावित्रीबाईंच्या पाठीशी शिक्षण होतं आणि साथ देणारं माणूस होतं. तरुण वयात मोठी जबाबदारी पेलते, पण ती पेलायला शिकवावी लागते. अंगावर फेकलेली जबाबदारी म्हणजे शिक्षाच.

कायदाही हे थोडंफार जाणतो. २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात लग्न लावणाऱ्या, जुळवणाऱ्या मोठ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ज्यांचा मेंदू पुरता वाढलाय त्यांना जबाबदार धरलंय, हे बरोबर आहे. आणखी एक गोष्ट आपल्या कितीतरी बायांना माहीत नसते. लहानपणी लग्न लावलेली मुलगी अठरा पूर्ण झाल्यावर दोन वर्षांच्या आत, म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत, ते लग्न रद्द करायला जिल्हा न्यायालयात अर्ज करू शकते. लेकरू झालेलं असलं तरी ते औरसच मानलं जातं. पोटगी मागता येते. तेव्हा घाईत लोकांनी ठरवलं, आता तू शांतपणे ठरव, असंच हे कलम तिला सांगतं.

टोळ्या निघायच्या आधी आपण तीन कामं करू. गावात मागं राहणाऱ्या मुलींची यादी करायची, आणि प्रत्येकीला भरवशाची एक बाई नेमून द्यायची, जिला ती रात्रीसुद्धा हाक मारील. लग्नाची कुणकुण लागली की त्याच दिवशी ग्रामसेवकाला, म्हणजे ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांना, आणि १०९८ला कळवायचं. बैठकीची वाट पाहायची नाही. आणि तिसरं, मुलांशीही बोलायचं. चुकलेल्या मुलाला झोडायचं नाही आणि झाकायचंही नाही. फोटो त्याच्याच हातानं पुसायला लावायचे, ज्यांना पाठवले त्यांच्याकडे त्यानंच कबुली द्यायची. मुलीला त्याचं तोंड पाहायची सक्ती करायची नाही. कायद्याचं काम कायदा करील. त्याचा कासरा कोणीतरी वळायला हवा, आणि ते काम एकट्या आईचं नाही, बापाचंही आहे.

शेवटी त्या मुलीबद्दल सांगते. ती आता एकोणीस वर्षांची आहे. पदरी एक लेकरू आहे. मागच्या पाडव्याला टोळी परतल्यावर मी भेटले, कायद्यातलं ते कलम समजावून सांगितलं आणि विचारलं, काय करायचं तुझ्या मनात आहे? मला वाटलं, ती रडेल नाहीतर लगेच हो म्हणेल. ती म्हणाली, "ताई, विसाला अजून सात महिने हैत ना? मला इचार करू द्या. आतापतूर कोणी करू दिला न्हाई."

तिच्या आईच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. सात महिन्यांतले बरेच दिवस गेले. ती जे ठरवील त्यात मी तिच्यासोबत असेन. तुम्हीही या.