एंजिन, वीज आणि परमुलखातून आलेली माणसे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



व्याख्यान-समितीने आम्हांस 'शक्तियंत्रांचे संशोधन' हा विषय दिला, तेव्हा तो थोडासा वाकवून घेण्याची परवानगी आम्ही मागितली. आम्ही बी. ए. झालेले, उभा जन्म सरकारी टिपणे लिहिण्यात गेलेला. यंत्राचे पोट उघडून दाखविणे हा आमचा अधिकार नव्हे. परंतु संशोधकांची चरित्रे वाचताना एक गोष्ट वारंवार आढळली, आणि घरापासून दूर राहणाऱ्यांना ती जिव्हाळ्याची वाटावी. यंत्रे घडविणारी कित्येक माणसे परमुलखातून आलेली होती, आणि तेथील कामाच्या बाजारात प्रारंभी त्यांचे मोल कोणालाच करता आले नाही.

एत्येन लेनोर 1822 साली, आज बेल्जियममध्ये असलेल्या एका खेड्यात जन्मला. पोट भरण्यासाठी तो पॅरिसला आला आणि तेथे उपाहारगृहात वाढप्याचे काम करू लागला. सिलिंडरच्या आतच वायू जाळून चालणारे त्याचे एंजिन 1860 मधले. निकोला टेस्ला 1884 मध्ये न्यूयॉर्कला उतरला. प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणाऱ्या मोटरची कल्पना त्याच्या डोक्यात तेव्हाच तयार होती. तरीही 1886-87 च्या हिवाळ्यात हा मनुष्य दिवसाला दोन डॉलर मजुरीवर खड्डे खणीत होता! 1888 मध्ये त्याची पेटंटे वेस्टिंगहाउस यांनी घेतली आणि 1896 मध्ये नायगाऱ्याची वीज बफेलो शहरात पोहोचली.

मात्र आम्हांस अधिक मोलाची वाटते ती चार्ल्स स्टाइनमेट्झ याची कथा. ब्रेस्लाउ शहरात 1865 मध्ये जन्मलेला हा तरुण पाठीने वाकलेला, उंचीने ठेंगणा. समाजवादी मतांमुळे त्याला 1888 मध्ये जर्मनी सोडून झुरिचला पळावे लागले. पुढच्या वर्षी तो न्यूयॉर्क बंदरात आला. खिसा रिकामा, इंग्रजी तुटपुंजे, शरीर असे; बंदरावरील अधिकारी त्याला परत पाठविण्याच्या बेतात होते. बरोबरच्या मित्राने हमी घेतली, म्हणून त्याला आत पाऊल टाकता आले. (नियमाप्रमाणे टिपण लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनी हा प्रसंग जरा सावकाश वाचावा.)

त्याला काम दिले ते यॉंकर्स येथील रुडॉल्फ आयकेमायर यांनी. हे गृहस्थ स्वतः 1848 च्या उठावानंतर जर्मनीतून आलेले. टोप्या बनविण्याची यंत्रे हा त्यांचा मूळ धंदा, पुढे विजेच्या मोटरीही करू लागलेले. नकाशे काढण्यासाठी ठेवलेल्या या माणसाचे गणित त्यांना वाचता आले, आणि त्यांनी त्याला प्रयोगाची मोकळीक दिली.

प्रयोग कशाचा, तेही सांगतो. प्रत्यावर्ती प्रवाहाची दिशा सेकंदाला अनेक वेळा पालटते. त्याबरोबर यंत्रातील लोखंडाचे चुंबकत्वही उलटसुलट होत राहते आणि या उलथापालथीत काही शक्ती उष्णता होऊन वाया जाते. लोखंड किती तापेल, हे त्या काळी यंत्र बांधून पाहिल्यावाचून नीट कळत नसे. बांधावे, तापले की मोडावे, पुन्हा बांधावे. स्टाइनमेट्झने मोजमापे घेऊन नियम बसविला की ही हानी चुंबकत्वाच्या तीव्रतेच्या 1.6 व्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे चुंबकत्व दुप्पट केले की हानी सुमारे तिप्पट. 1892 मध्ये हा निबंध त्याने अमेरिकन विद्युत अभियंत्यांपुढे वाचला. त्यानंतर मोटर आणि रोहित्र यांचा हिशेब आधी कागदावर करता येऊ लागला. बंदरावरून परत जावयाचा माणूस 1901 मध्ये त्याच अभियंत्यांच्या संस्थेचा अध्यक्ष झाला.

अर्थशास्त्रज्ञांनीही या प्रश्नाचा माग घेतला आहे. बॅरी चिझविक यांनी 1978 मध्ये दाखविले की अमेरिकेत आलेल्या पुरुषांची कमाई प्रारंभी स्थानिकांहून कमी असते, पण दहा ते पंधरा वर्षांत ती बरोबरीला येते व पुढेही जाते. जॉर्ज बोर्हास यांनी 1985 मध्ये हरकत घेतली की निरनिराळ्या काळी आलेले लोक सारखे नसतात, तेव्हा त्यांना एकाच मापाने मोजू नये. हरकत रास्त आहे. स्थानिकांची रोजी बुडते का, हा वाद तर अजूनही चालू आहे. 1980 मध्ये क्यूबातून सुमारे सव्वा लाख माणसे काही महिन्यांत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आली आणि एकट्या मायामीतील कामकऱ्यांची संख्या सुमारे सात टक्क्यांनी वाढली. तरी स्थानिकांच्या मजुरीवर फारसा परिणाम दिसत नाही, असे डेव्हिड कार्ड यांनी 1990 मध्ये मांडले. बोर्हास यांनी 2017 मध्ये ते खोडून काढण्याचा यत्न केला. आम्हांस कार्ड यांचे म्हणणे अधिक पटते.

आता आपल्याविषयी. आपण मंडळातील पुष्कळसे लोक बदलीच्या हुकुमाने येथे आलो. गाडीत बसण्यापूर्वीच आपली वेतनश्रेणी ठरलेली होती, निवासस्थानाचा अर्ज गेलेला होता. आपल्याला मोल करून घ्यावे लागले नाही, म्हणून स्टाइनमेट्झच्या पंक्तीला आपण बसू नये. त्या पंक्तीची मराठी माणसे या शहरात आहेत, ती सराफ-बाजाराच्या गल्लीत. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी भागातून निघालेले गलाई बांधव भारतातील शहरोशहरी पोहोचले आहेत. जुने दागिने मुशीत आटवावे, तेजाबाने हीण काढावे, शुद्ध सोने वेगळे करावे, हे त्यांचे शास्त्र. गावचा नवा पोरगा आला की आधीचा माणूस त्याला आपल्या भट्टीवर ठेवून घेतो, तेथेच तो शिकतो. यॉंकर्सला याहून वेगळे काय घडले होते?

आपल्या सभासदांच्या यादीत मात्र ही नावे थोडी आहेत. आपल्या सभा संध्याकाळी सहाला, तेव्हा त्यांची भट्टी पेटलेली असते. वर्गणी वर्षाची एकरकमी. सभा बाजार-बंदच्या दिवशी घ्यावी, वर्गणी महिन्याची ठेवावी, आणि पुढील व्याख्यानमालेत गलाईच्या कामावर बोलण्यासाठी त्यांच्यातीलच कोणाला निमंत्रण द्यावे, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे लेखी देत आहोत.