कुत्र्याच्या पिल्लाला रोज किती फिरवावे?

भात पोटरीत आले की रानडुकरांपासून राखण आली. पुढे खळ्यावर, गोठ्यावर आणि कोंबड्यांच्या खुराड्यावरही कुत्रा लागतो. म्हणून आपण पिल्लू आणतो, पण त्याला फिरवण्यात दोन टोके गाठतो. कोणी दिवसभर साखळीला बांधतो, तर कोणी तीन महिन्यांचे पिल्लू मोटरसायकलमागे पळवतो. दोन्ही रीती चूक आहेत.

कोवळ्या गोऱ्ह्याच्या मानेवर आपण जू ठेवत नाही. पिल्लाचेही तसेच आहे. त्याच्या हाडांची टोके कुर्चेची, म्हणजे मऊ असतात आणि तिथूनच हाड वाढते. गावठी कुत्र्याची हाडे साधारण वर्षभरात पक्की होतात. अल्सेशियनसारख्या मोठ्या जातीला दीड वर्षही लागते. तोवर मऊ भागाला मार बसला, तर पाय वाकडा वाढू शकतो. असा कुत्रा राखणीला उभा राहत नाही.

मग व्यायाम किती द्यावा? ठोकताळा असा : जितके महिने वय, तितकी पाच-पाच मिनिटे, दिवसातून दोन वेळा. तीन महिन्यांच्या पिल्लाला सकाळी पंधरा आणि संध्याकाळी पंधरा मिनिटे पट्ट्याने चालवावे. हा अंदाज आहे, कायदा नव्हे. पिल्लू मागे राहू लागले, खाली बसले किंवा फार धापा टाकू लागले की थांबावे. परड्यात ते आपल्या मर्जीने खेळेल, त्याला घड्याळ लावू नये. दमले की ते आपणच झोपते. तेव्हा मुलांनी त्याला उठवू नये.

जमीन मऊ असावी. नॉर्वेत मोठ्या जातींच्या पिल्लांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या तीन महिन्यांत रोज पायऱ्या चढणाऱ्या-उतरणाऱ्या पिल्लांत खुब्याचा दोष जास्त दिसला आणि मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळी खेळलेल्यांत तो कमी दिसला. अशी जमीन आपल्याकडे फुकट आहे. कापणी झालेले कोरडे शेत किंवा गवताचा माळ उत्तम. मात्र ओट्यावरून, टेम्पोतून किंवा उंच बांधावरून उडी मारू देऊ नका. उचलून खाली ठेवा.

दांड फाट्याकडून रसायनीला येणाऱ्या रस्त्यावर कारखान्यांची अवजड वाहने धावतात. तिथे पिल्लू मोकळे सोडूच नका. उन्हाळ्यात डांबरावर हाताची मागची बाजू टेकवून बघा. पाच-सात सेकंद टेकवत नसेल, तर त्याचे पायही भाजतील. म्हणून ऊन चढण्याआधी किंवा कलल्यावरच फिरवा. जेवणानंतर तासभर विश्रांती द्या आणि स्वच्छ पाणी जवळ ठेवा. भातखाचरात फवारणी झाली असेल किंवा बांधावर उंदरांचे विषारी आमिष ठेवले असेल, तर तिकडे नेऊ नका.

आता सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लस. रक्ताची हगवण लावणाऱ्या पार्व्हो रोगाचे विषाणू मातीत कित्येक महिने टिकतात. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस द्या. नंतर चार महिन्यांपर्यंत डॉक्टर सांगतील तेव्हा पुढचे डोस द्या. तिसऱ्या महिन्यात पिसाळ रोगाची लस टोचून घ्या आणि तीही पुढे सांगतील तशी चालू ठेवा. लसी पुऱ्या होईपर्यंत भटकी कुत्री फिरतात तिथे पिल्लू खाली सोडू नका. पण त्याला घरात कोंडूही नका. कडेवर किंवा टोपलीत घेऊन बैल, ट्रॅक्टर, पाहुणे दाखवा. याच वयात ते ओळख शिकते आणि पुढे विनाकारण अंगावर जात नाही.

खेळताना पिल्लाचा दात किंवा नख मुलाला लागले, तर हळद-चुना लावत बसू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. पिसाळ रोग एकदा अंगात उमटला की माणूस बहुधा वाचत नाही. पिल्लू एका दिवसापेक्षा जास्त लंगडले, तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. घरी पाय ओढून-चोळून बघू नका.

तेव्हा मंडळी, वर्षभर धीर धरा. थोडे चालवा, मऊ जमिनीवर खेळवा आणि लस चुकवू नका. पुढे हाच कुत्रा कित्येक हंगाम तुमच्या शेताची राखण करील.