रुग्णाशी बोलावे कसे?
(पुणे येथे शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



पुणे शहरात कर्करोगाच्या रुग्णांची पद्धतशीर नोंद १९७३ पासून ठेवली जात आहे. येथील स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. तरीही या अवयवाचे नाव घेण्याचा संकोच घराघरांत कायम आहे. प्रारंभी ही गाठ बहुधा दुखत नाही. ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ एवढ्या एका वाक्यापायी मोलाचे महिने निघून जातात.

संकोच दूर झाल्यास काय साधते, हे मुंबईत दिसून आले. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी वस्त्यांतील स्त्रियांना रोगाची माहिती दिली व दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले.

निदान झाल्यानंतर तर शब्दांची जबाबदारी अधिकच वाढते. ‘कोणते पाप भोवले?’ हा प्रश्न क्रूर आहे. हा रोग पापाचे फळ नव्हे. तो स्पर्शाने अथवा एका ताटात जेवल्याने पसरत नाही. ‘काही होत नाही, धीर धर’ असे म्हणून रुग्णाचे बोलणे तोडणे हेही योग्य नव्हे. भीती वाटणे स्वाभाविक आहे. ती व्यक्त करू द्यावी व शांतपणे ऐकावी. उपचारांचा निर्णय पती वा पुत्राशीच बोलून ठरवू नये. ज्या स्त्रीचे शरीर, तिला प्रथम विचारावे. दुसऱ्या कोणाच्या मृत्यूची कथा तिच्यापुढे सांगू नये. औषधांनी गळालेले केस बहुधा पुन्हा येतात, हे मात्र अवश्य सांगावे.

सहानुभूती कृतीतूनही बोलते. ‘काही लागले तर सांगा’ म्हणण्याऐवजी ‘मंगळवारी मी रुग्णालयात सोबत येते’ असे म्हणावे. शस्त्रक्रियेनंतर पाण्याची कळशी उचलून द्यावी. रुग्ण शिक्षिका असेल, तर मुख्याध्यापकांनी तिच्या रजेचा अर्ज अडकू देऊ नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. तिची कागदपत्रे पूर्ण करून देणारा ग्रामसेवकही त्या कुटुंबाला धीरच देत असतो.

ग्रामसभेत व पालकसभेत या रोगाचे नाव निःसंकोचपणे घेतले जावे. तसे झाले, तर गाठ हाताला लागलेली स्त्री ती लपवून ठेवणार नाही.