मर्दनाचे प्रकार आणि त्यांचे गुण

शरीराचा एखादा भाग दुखूं लागला म्हणजे मनुष्याचा हात न सांगतां तेथें जातो. पडलेल्या मुलाचा गुडघा आई आधीं चोळते, मग औषधाकडे वळते. मर्दनविद्येचा उगम असा प्रत्येकाच्या हातांत आहे. परंतु नुसता हात फिरविणें निराळें आणि जाणून मर्दन करणें निराळें. हा भेद न ओळखल्यास उपकाराऐवजी अपकार घडतो.

भारतांत या विद्येचें जुनें नांव अभ्यंग. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या दिनचर्येच्या अध्यायांत अभ्यंग नित्य करावा असें सांगून मस्तक, कान व पाय यांकडे विशेष लक्ष देण्यास सुचविलें आहे. अजीर्ण झालेल्यानें, कफानें ग्रासलेल्यानें व नुकतीच शोधनक्रिया झालेल्यानें तो वर्ज्य करावा, हेंही त्यानें तेथेंच बजावलें आहे. अंगास कोरडीं चूर्णें चोळणें तें उद्वर्तन. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल व उटणें लावून होणाऱ्या स्नानांत हे दोन्ही प्रकार महाराष्ट्रांत घरोघरीं टिकून आहेत.

तालमींतील मर्दनाचा दाब जड असतो. जोर-बैठका झाल्यावर पैलवान एकमेकांच्या मांड्या, दंड व पाठ रगडून काढतात. केरळांतील कळरींत तर गुरु वर टांगलेल्या दोरास धरून शिष्याच्या तेल लावलेल्या अंगावर पायानें मर्दन करतो.

युरोपांत या विद्येस स्वीडनचें नांव चिकटलें, तें पेर हेन्रिक लिंग यामुळें. त्यानें १८१३ सालीं स्टॉकहोम येथें व्यायामशिक्षणाची संस्था स्थापिली. मात्र या पद्धतीच्या पांच क्रियांच्या मांडणीचें श्रेय पुष्कळ जण योहान मेझगर या डच वैद्यास देतात. लांब हात ओढणें, कणकेसारखें मळणें, घासणें, थापटणें आणि कंप देणें, अशा त्या क्रिया होत. जपानांत अन्मा नांवाचें मर्दन अंधांच्या उपजीविकेचें साधन झालें. सतराव्या शतकांत सुगियामा वाइची या अंध वैद्यानें अंधांना सुईचिकित्सा व मर्दन शिकविण्याची सोय केली. थायलंडचें मर्दन तेलावांचून, कपड्यांवरूनच करतात; त्यांत दाबाबरोबर हातपाय ताणले जातात. युनेस्कोनें २०१९ सालीं त्यास मानवजातीच्या वारशाच्या यादींत स्थान दिलें. याउलट डेन्मार्कच्या एमिल व्होडर यानें १९३६ च्या सुमारास मांडलेला प्रकार अतिशय हलक्या हाताचा आहे. त्वचेखालीं सांचलेल्या लसीकेस वाट करून देणें हा त्याचा हेतु. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर हात सुजल्यास इतर उपायांच्या जोडीनें त्याचा उपयोग करतात.

या सर्वांचें फळ काय? आखडलेले स्नायु सैल होतात, वेदनेची जाणीव कांहीं काळ मंदावते, मन निवतें आणि झोंप येते. अमेरिकेंत १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत वेळेपूर्वीं जन्मलेल्या अर्भकांचें अंग १० दिवस, दिवसांतून ३ वेळां, १५ मिनिटें चोळून त्यांचे हातपाय हालविण्यांत आले. त्यांचें वजन इतर तशाच अर्भकांपेक्षां शेंकडा ४७ अधिक वाढलें. मात्र मर्दनानें चरबी वितळत नाहीं, मोडलेलें हाड जुळत नाहीं आणि मूळ रोग बरा होत नाहीं.

धोका येथूनच सुरू होतो. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, उष्ण झाली व दुखूं लागली, तर ती कदापि चोळूं नये. आंत रक्ताची गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसांत अडकते आणि प्राणावर बेततें. अशा वेळीं तेलाची वाटी बाजूस ठेवून रुग्णास तांतडीनें डॉक्टरांकडे न्यावें. ताजा अस्थिभंग, ज्वर, पिकलेली जखम व त्वचेचा संसर्ग यांतही मर्दन वर्ज्य समजावें. वृद्धांचीं हाडें ठिसूळ असतात, आणि रक्त पातळ करणारीं औषधें घेणाऱ्यांस थोड्या दाबानेंही आंत रक्तस्राव होऊं शकतो. तेथें वैद्यकीय सल्ला आधीं घ्यावा.

तान्ह्या मुलाविषयीं विशेष सावधगिरी हवी. न्हाऊ घालणारी बाई कितीही अनुभवी असली तरी बाळाच्या नाकाकानांत तेल सोडणें, त्याचे स्तन पिळणें, पाय धरून त्यास उलटें टांगणें या चाली घरच्यांनीं होऊं देऊं नयेत. बाळ रडूं लागतांच हात थांबवावा. रडण्यानें अंग मोकळें होतें ही समजूत खोटी आहे.

जो अंगास हात लावण्यापूर्वीं कोठें दुखतें, केव्हांपासून दुखतें व कोणतें औषध चालू आहे हें विचारतो, आणि शंका येतांच हात आवरतो, त्याच्याच हातीं आपलें अंग निर्धास्तपणें द्यावें.