आईबापांची नजर आणि मुलाची भाषा

सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे फार मोठ्या संख्येने राहतात. यंत्रमाग, रंगाई-छपाईच्या गिरण्या आणि कापडबाजार यांच्या आश्रयाने ती येथे स्थिरावली. या घरांतील मुलाच्या कानी शेजारपाजारी गुजराती पडते, रस्त्यावर हिंदी. अहिराणी वा मराठी मात्र त्याला मिळते ती बव्हंशी आईबापांच्या मुखातून. ते मुखच स्मार्टफोनवर वाकलेले राहिले, तर काय होते?

मुलांच्या हाती फोन देऊ नये, असे सांगणारे पुष्कळ आहेत. वडीलधाऱ्यांच्या हातातील फोनविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही!

एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1978 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तान्ह्या मुलाशी हसतखेळत असलेल्या आईने काही क्षण चेहरा निर्विकार ठेवावयाचा, एवढेच. मूल प्रथम हसून तिला पुन्हा बोलावू पाहते. उत्तर येत नाही असे दिसताच ते मान फिरवते, खिन्न होते. आनंद, भय, राग या भावनांची ओळख मुलाला समोरच्या चेहऱ्यावरूनच होत असते. प्रयोगातील आई लवकरच पुन्हा हसली. घरातील फोन तोच निर्विकार चेहरा दिवसातून किती वेळा आणतो, याची गणती कोण ठेवणार?

अमेरिकेतच 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात 38 मातांनी आपल्या दोन वर्षांच्या मुलांना प्रत्येकी दोन नवे शब्द शिकवले. एक शब्द शिकवताना मध्येच फोन वाजला; दुसरा निर्वेध शिकवला गेला. दोन्ही शब्द मुलांच्या कानी सारख्याच वेळा पडले होते. तथापि मुले शिकली ती निर्वेध शिकवलेला शब्दच. संभाषणाचा धागा मध्येच तुटला की शब्द रुजत नाही. एकाने बोलावे, दुसऱ्याने ऐकावे, मग आपली पाळी यावी, हा चार माणसांत वागण्याचा पहिला धडाही त्याच धाग्यावर अवलंबून असतो.

बारा तासांची पाळी करून परतलेल्या बापाला दोष देणे सोपे आहे, परंतु न्याय्य नाही. शिरपूरला किंवा अमळनेरला राहिलेल्या आपल्या वृद्ध आईचे मुख त्याला याच फोनवर दिसते. मग त्याने तो लावताना मुलाला मांडीवर घ्यावे. पलीकडून आजी अहिराणीत जेवणाखाण्याचे विचारील, नातू अडखळत उत्तर देईल; तेवढा वेळ बापाने मध्ये बोलू नये.