चाळीस वांटेकरी

मिळवितांना एक असलेलीं माणसें वांटतांना अनेक होतात, हा संसाराचा जुना अनुभव आहे. शेत पिकवितांना जे भाऊ खांद्याला खांदा लावून राबतात, तेच धान्य मोजण्याची वेळ आली कीं मापाकडे संशयानें पाहूं लागतात. श्रम सर्वांचे आणि फळ मोजकें, एवढीच काय ती अडचण; पण तिच्यापायीं घरें फुटतात. हीच अडचण आज एका अगदीं निराळ्या ठिकाणीं, संगणकावरील खेळांतही, उभी राहिली आहे. रात्रीं जेवणें आटोपल्यावर कानांना यंत्र लावून बसलेला घरांतला मुलगा दूरच्या कोणा सवंगड्याशीं तावातावानें बोलतांना ऐकूं येतो. वडील माणसांना वाटतें, खेळावरून भांडण चाललें आहे. पुष्कळदां तें भांडण वांटणीवरून असतें, आणि तें नीट ऐकलें तर त्यांत न्यायान्यायाचा बराच विचार सांपडतो.

या खेळांची रचना प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. ‘एव्हरक्वेस्ट’ हा खेळ १९९९ च्या मार्च महिन्यांत आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा २००४ च्या नोव्हेंबरांत सुरू झाला. इंटरनेटच्या द्वारें हजारों खेळाडू एकाच कल्पित जगांत वावरतात. त्यांतले मित्र, परिचित आणि पुष्कळदां एकमेकांचें तोंडही न पाहिलेले लोक मिळून एक संघ उभारतात. त्याला ते गिल्ड म्हणतात. एकट्यादुकट्याला न जुमानणाऱ्या राक्षसांवर हा संघ चाल करून जातो. ती त्यांची रेड, म्हणजे स्वारी. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या आरंभींच्या काळांत ‘मोल्टन कोअर’ नांवाच्या अग्निगुहेवर चाळीस जणांची स्वारी जात असे. कोणी पुढें होऊन शत्रूचे घाव आपल्या ढालीवर झेली, कोणी सोबत्यांच्या जखमा भरून काढी, कोणी प्रहार करी. गुहेंत दहा बलाढ्य शत्रु, शेवटचा रॅग्नारॉस. एक शत्रु पडला कीं तो पुन्हां लाभे तो पुढल्या आठवड्यांत. आणि तो पडल्यावर हातीं काय येई? दोन-चार वस्तु: एखादें चिलखत, एखादी अंगठी, एखादें शस्त्र. वांटेकरी मात्र चाळीस! त्यांतही अशी अट कीं, मोलाची वस्तु ज्यानें एकदां उचलली त्याच्याच अंगाला ती कायमची चिकटे. ती विकतां येत नसे आणि मागाहून कोणाला देतांही येत नसे. सोनें असतें तर तोडून वांटतां आलें असतें. येथें तीही सोय नव्हती.

सर्वांत सोपा उपाय फांशाचा. ज्यांना वस्तु हवी त्यांनीं एक ते शंभर यांमधला आंकडा यंत्राकडून काढून घ्यावा. ज्याचा आंकडा मोठा, त्याची वस्तु. यांत पक्षपात नाहीं, वशिला नाहीं. अनोळखी पांच जण घटकाभरापुरते जमले असतील तर हा नियम पुरेसा आहे. परंतु फांशाला स्मरण नसतें. सहा महिने प्रत्येक स्वारीला आलेला आणि आज प्रथमच आलेला हे दोघे त्याच्या लेखीं सारखेच. नशिबानें एका रात्रीं हुलकावणी दिली तर माणूस हंसतो; महिनोगणती दिली तर तो येणेंच सोडतो.

म्हणून स्मरण ठेवणारी पद्धति निघाली. १९९९ मध्येंच एव्हरक्वेस्टमधील ‘आफ्टरलाइफ’ नांवाच्या संघानें गुणांची खातेवही सुरू केली. त्या काळीं मोठी स्वारी होई ती लेडी व्हॉक्स आणि लॉर्ड नागाफेन या दोन ड्रॅगनांवर. म्हणून त्या गुणांना ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’, अर्थात् ड्रॅगनवधाचे गुण, हें नांव पडलें. पुढें ड्रॅगन नसलेल्या स्वाऱ्यांतही ‘डीकेपी’ हीं आद्याक्षरें चालूं राहिलीं. पद्धति साधी होती. स्वारीला हजर राहिलें कीं खात्यावर गुण जमा. वस्तु घेतली कीं गुण वजा. कांहीं संघांत वस्तूंच्या किंमती आधीं ठरलेल्या असत, कांहींत बोली लागे. हें चलन खेळ तयार करणाऱ्यांनीं काढलेलें नव्हतें. खेळाडूंनीं तें आपलें आपण काढलें, आणि त्याच्यामागें परस्परांच्या विश्वासाखेरीज कसलेंही तारण नव्हतें. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा आणि जोशुआ फेअरफील्ड या अमेरिकन अभ्यासकांनीं २००७ मध्यें त्यावर एक स्वतंत्र निबंधच लिहिला.

चलन आलें तसे चलनाचे रोगही आले. जुने सभासद गुण सांठवून बसूं लागले. नव्यानें कितीही कष्ट केले तरी त्यांची शिल्लक त्याला गांठतां येईना. प्रत्येक स्वारीला नवे गुण निर्माण होत, वस्तु मात्र तितक्याच. त्यामुळें बोली चढत गेल्या. कोठें चौघांनीं आपसांत संकेत ठरवून बोली चढूंच दिली नाहीं आणि मोलाची वस्तु कवडीमोलानें उचलली. यांवर खेळाडूंनींच उपाय शोधले. एका पद्धतींत वस्तूची किंमत घेणाऱ्याच्या खात्यांतून वजा होते आणि तेवढेच गुण हजर असलेल्या इतरांत सारखे वांटले जातात. एकूण बेरीज वाढतच नाहीं. ‘ईपीजीपी’ या दुसऱ्या पद्धतींत श्रमाचे गुण एका बाजूला आणि प्राप्तीचे दुसऱ्या बाजूला मांडून पहिल्यांना दुसऱ्यांनीं भागतात. समजा, एका जुन्या खेळाडूचे श्रम १००० आणि प्राप्ति २००, भागाकार ५. नव्याचे श्रम ४००, पण प्राप्ति अवघी ५०, भागाकार ८. वस्तु नव्याला मिळते. शिवाय दोन्ही आंकडे ठराविक काळानें थोडेथोडे घटवितात. त्यामुळें जुन्या पुण्याईवर कोणाला फार दिवस बसून राहतां येत नाहीं.

तरीही एक प्रश्न उरतोच. ज्याचा हक्क आहे त्याला द्यावें, कीं ज्याच्या हातीं ती वस्तु सर्वांच्या उपयोगी पडेल त्याला? मोल्टन कोअरमध्यें ‘थंडरफ्युरी’ नांवाच्या तलवारीनें हा प्रश्न अगदीं धारेवर धरला. ही तलवार घडविण्यास दोन बंध लागत. एक गार या शत्रूकडून मिळे, दुसरा बॅरन गेडन याच्याकडून. आणि दोन्ही क्वचितच मिळत. दोन्ही हातीं आले तरी रॅग्नारॉसला मारून आणखी एक द्रव्य मिळवावें लागे. पहिला बंध एकानें अधिक गुणांच्या जोरावर घेतला आणि कित्येक आठवड्यांनीं निघालेला दुसरा बंध दुसऱ्यानें घेतला, तर दोघांपाशीं अर्धी अर्धी तलवार राही आणि संघापाशीं एकही नाहीं. दोन्ही खाती चोख, व्यवहार मात्र मूर्खपणाचा! म्हणून अशा वस्तूंपुरता निर्णय पुष्कळ संघ चार-पांच जाणत्यांच्या मंडळाकडे सोंपवीत. तलवारीच्या अंगीं शत्रूचें लक्ष धारकाकडे खेंचण्याचा गुण होता. तेव्हां मंडळ ती बहुधा सर्वांत पुढें ढाल धरणाऱ्यास देई. पण बंध घेऊन तोच संघ सोडून गेला, तर अर्धी तलवारही त्याच्याबरोबर जाई. शिवाय मंडळावरचे लोक स्वतः वांटेकरीच असतात. निर्णय शंभरदां योग्य असला, तरी एकदां आपल्या मित्राला झुकतें माप दिल्याचा संशय आला कीं मागले शंभरही संशयास्पद ठरतात.

कांहींनीं हा सारा खटाटोप पैशावर सोडून दिला. २०१९ मध्यें त्या खेळाची जुनी आवृत्ति पुन्हां सुरू झाली, तेव्हां ‘जीडीकेपी’ नांवाची चाल फार फोंफावली. खेळांतील सोन्यानें बोली लावावयाची आणि जमलेलें सोनें शेवटीं हजर असलेल्यांत वांटावयाचें. जवळजवळ लिलावाच्या भिशीसारखाच प्रकार. यांत रिकाम्या हातानें परतणाऱ्यालाही कांहीं मिळे, हा तिचा मोठा गुण. दोष असा कीं, खरे पैसे देऊन चोरट्या मार्गानें खेळांतलें सोनें विकत घेणाऱ्यास तींत वाव मिळाला. कंपनीनें २०२४ च्या फेब्रुवारींत ‘सीझन ऑफ डिस्कव्हरी’ या आवृत्तींत ही चाल बंद केली. त्यापूर्वीं २०१८ मध्यें मुख्य खेळांत कंपनीनें वांटणीच आपल्या हातीं घेऊन पाहिली होती: यंत्र ज्याला देईल त्याची वस्तु. भांडण मिटेल अशी अपेक्षा; पण वस्तु नको त्याच्या पदरांत पडे आणि हवी असलेल्या सोबत्याला ती देण्यास पुष्कळदां नियमच आड येई. २०२२ मध्यें स्वाऱ्यांतील वांटणी पुन्हां खेळाडूंकडे आली.

पंचवीस वर्षांच्या या खटपटींतून निर्दोष पद्धति निघाली नाहीं. परंतु टिकणाऱ्या संघांचे कांहीं संकेत त्यांतून ठळक झाले. नियम ठरवावयाचा तो स्वारीपूर्वीं. तलवार समोर पडल्यावर ठरविलेल्या नियमाला कोणाच्या तरी नांवाचा वास येतो. खातेवही उघडी असावी. आपल्या नांवापुढचा आंकडा कोणत्याही सभासदास केव्हांही पाहतां यावा. निर्णय देणाऱ्यानें कारण चारचौघांत सांगावें, आणि वस्तु स्वतःच्याच वांट्यास येत असेल तेव्हां तो अधिकार दुसऱ्याकडे द्यावा. आणि ज्याचें काम दिसत नाहीं त्याचेंही नांव वहींत असावें. चाळीस जागा भरल्यामुळें जो खेळाडू तीन तास बाहेर थांबून राहतो, त्यालाही कित्येक संघ हजेरीचे गुण देतात. कारण कोणी मध्येंच उठून गेला तर स्वारी तरते ती त्याच्या थांबण्यामुळें.

एका शत्रूच्या दोन वस्तु निघाल्या तर चाळिसांपैकीं अडतिसांना रिकाम्या हातानेंच राहावें लागतें. तें कोणत्याही नियमानें टळत नाहीं. वस्तु मिळालेले दोघे संतुष्ट असणारच. त्यांच्याकडे पाहून वांटणीची परीक्षा होत नाहीं. ते अडतीस जण पुढल्या आठवड्यांत ठरल्या वेळीं पुन्हां हजर होतात कीं नाहीं, यावरूनच ती न्याय्य होती कीं नाहीं तें समजतें. रात्रीं दाराआडून ऐकूं येणाऱ्या त्या हुज्जतींत मुलगा आपल्याला कांहीं मिळालें नाहीं म्हणून चिडला आहे, कीं ठरलेला नियम मोडला म्हणून, एवढें त्याला वडील माणसांनीं एकदां विचारून पाहावें.