तंबूची शिवण आणि पावसाचे पाणी

(पेडणे तालुक्यातील चोपडे येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



शापोरा नदीच्या उत्तर तीरावर वसलेल्या चोपडे गावाला पाण्याचा परिचय करून देण्याची आवश्यकता नाही. समोर शिवोली, जवळच नदीचे मुख व अरबी समुद्र, आणि वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस. हीच नदी वरच्या अंगाला तिळारी या नावाने ओळखली जाते. ऑगस्ट 2019 मध्ये तिळारी धरणातून पाणी सोडल्यानंतर डिचोली तालुक्यातील साळ आणि पेडणे तालुक्यातील इब्रामपूर, चांदेल या भागांत पुराचे पाणी शिरले. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा पावसाळा सुरू होण्यास अद्याप अवकाश होता.

अशा आपत्तीत घर सोडावे लागलेल्या कुटुंबास तंबू हा तात्पुरता, परंतु मोलाचा आसरा ठरतो. त्या तंबूत तान्हे मूल असेल, आजारी वृद्ध असेल, शिधापत्रिका व शाळेची प्रमाणपत्रे असतील. त्यांवर रात्रभर पाणी ठिबकत राहिले, तर तंबू देऊनही निवारा दिला असे म्हणता येणार नाही.

तंबू गळतो तो बहुधा कापडातून नव्हे, तर शिवणीतून. यंत्राची सुई चालते तेव्हा एकेका शिवणीवर शेकडो छिद्रे पडतात. छिद्रातून गेलेला दोरा, दिव्याची वात तेल शोषून घेते तद्वत्, बाहेरचे पाणी आत ओढून घेतो. ही अडचण जुनीच आहे. 1823 साली चार्ल्स मॅकिंटॉश यांनी रबराचा थर दिलेल्या जलरोधक कापडाचे एकस्व घेतले. परंतु शिंप्याच्या सुईने पाडलेल्या छिद्रांतून त्या कापडाच्या कोटांतही पाणी शिरत असे.

जुन्या सुती कॅनव्हासच्या राहुट्यांना निसर्गाचेच साहाय्य होते. सूत भिजले की फुगते आणि छिद्रे आपोआप आवळली जातात. म्हणूनच नवी सुती राहुटी वापरण्यापूर्वी एकदोनदा भिजवून वाळवण्याची पद्धत आहे. आजचे हलके तंबू नायलॉनचे अथवा पॉलिएस्टरचे असतात. हे धागे सुतासारखे फुगत नाहीत. त्यामुळे त्यांच्या शिवणी हाताने बुजवाव्या लागतात.

किनाऱ्यावरील लोकांना हे तत्त्व नवे वाटू नये. लाकडी होडीची खरी परीक्षा फळीपेक्षा सांध्यात होते. पश्चिम किनाऱ्यावर काथ्याने फळ्या शिवून नौका बांधण्याची परंपरा फार प्राचीन. त्याच पद्धतीने गोव्यात बांधण्यात आलेली ‘कौंडिण्य’ ही नौका 21 मे 2025 रोजी कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाली. तिच्या फळ्या काथ्याच्या दोराने शिवलेल्या असून सांधे नैसर्गिक राळेने बुजवलेले आहेत. होडीला जी राळ, तेच तंबूला सिलिकोन.

सिलिकोनचे मूळ द्रव्य सिलिकॉन हे वाळूतील सिलिकेपासून मिळते. नळीतून मिळणारे सिलिकोन हवेतील बाष्पाच्या योगाने घट्ट होते आणि रबरासारखे लवचीक राहते. त्यामुळे वाऱ्याने कापड ताणले गेले, तरी त्याला सहसा तडा जात नाही.

येथे एक दक्षता अवश्य घ्यावी. तंबूच्या कापडावर सिलिकोनचा थर असेल, तर त्यावर सिलिकोनच चिकटते. अन्य पदार्थ सोलून निघतात. पॉलियुरेथेनचा थर असेल, तर त्याच जातीचे लेपद्रव्य वापरावे. थर कोणता हे ठाऊक नसल्यास एका कोपऱ्यावर थोडे लावून, वाळल्यावर नखाने सोलून पाहावे.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे. कोरड्या दिवशी, शक्यतो मे महिना उजाडण्यापूर्वी, तंबू उभारून तणावे घट्ट ओढावेत, म्हणजे छिद्रे पूर्ण उघडतात. किनाऱ्यावरील क्षार व वाळू गोड्या पाण्याने धुऊन कापड पूर्ण वाळवावे. शंभर टक्के सिलिकोन घ्यावे. रंग देता येईल अशा जातीचे घेऊ नये. रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन थोडे थोडे घालून ते ब्रशने पसरेल इतके पातळ करावे. बाहेरच्या बाजूने शिवणीवर आणि तिच्या दोन्ही अंगांना बोटभर रुंदीत पातळ लेप द्यावा. दोऱ्यांच्या गाठी, कोपरे आणि तणावे बांधण्याच्या जागा दोनदा पाहाव्यात. एक दिवस वाळू द्यावे आणि घडी घालण्यापूर्वी शंखजिऱ्याची पूड भुरभुरावी, म्हणजे घड्या परस्परांस चिकटत नाहीत.

मिनरल टर्पेंटाइन ज्वालाग्राही आहे. काम उघड्यावर करावे. विडी, चूल, दिवा जवळ नसावा. मुलांच्या हाती ते देऊ नये. ज्या सिलिकोनला शिरक्यासारखा आंबूस वास येतो, त्यातील आम्लाने धातूच्या कड्या गंजतात. तेथे बिनआम्ल जात वापरावी.

शेवटी परीक्षा. तंबूवर झारीने पाणी ओतावे आणि आत बसून शिवणी पाहाव्यात. गळणारी जागा खडूने खुणावून, वाळल्यावर पुन्हा लेप द्यावा. पहाटे आतून सर्वत्र सारखा ओलावा दिसला, तर ती बहुधा गळती नसून माणसांच्या श्वासाचे दव असते. त्यावर उपाय लेप नव्हे, वारा खेळता ठेवणे हा होय.

शिक्षकांना या विषयात विज्ञानाचा एक उत्तम पाठ सापडेल. सुती कापडाचा व नायलॉनचा तुकडा सुईने टोचून दोन्हींवर पाणी ठेवले, की केशाकर्षण आणि धाग्याचे फुगणे मुलांना डोळ्यांनी दिसेल. ग्रामपंचायती, शाळा व युवक मंडळे यांच्याजवळ जे तंबू असतील, ते कपाटातून काढण्याची वेळ पूर आल्यावरची नसावी. उन्हाळ्यातील एक दिवस आणि सिलिकोनची एक नळी एवढ्यावर एखाद्या कुटुंबाची पावसातील रात्र कोरडी जाऊ शकते. तो एक दिवस प्रत्येक गावाने काढावा, एवढीच विनंती.